रोशा गवताचे तेल : खानदेशातील भट्ट्यांपासून सूक्ष्मजीवरोधक अभ्यासापर्यंत

प्रस्तावना

वनस्पतींपासून मिळणाऱ्या सुगंधी तेलांच्या सूक्ष्मजीवरोधक व ऑक्सिडीकरणरोधक गुणधर्मांवर गेल्या काही दशकांत विपुल संशोधन झाले आहे. अशा लेखनाच्या आरंभी बहुधा एक वाक्य असते : अमुक तेल भारतात प्राचीन काळापासून औषध म्हणून वापरात आहे. परंपरेचा हा दाखला प्रयोगशाळेतील निष्कर्षाला पूरक पुरावा म्हणून दिला जातो. परंतु जुन्या ग्रंथांतील, व्यापारी कागदपत्रांतील आणि आजच्या परीक्षानळीतील तेल एकच आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रोशा गवताच्या तेलाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. खानदेश, निमाड, बेतूल व मेळघाट या पट्ट्यातील हे गवत आज शास्त्रीय परिभाषेत ‘सिम्बोपोगॉन मार्टिनी’ म्हणून ओळखले जाते आणि त्याचे तेल जगाच्या बाजारात ‘पामारोसा’ नावाने विकले जाते. ही ओळख निश्चित होण्यास शंभरहून अधिक वर्षे लागली.

गवताचे नामकरण

आयुर्वेदीय निघंटूंत ‘रोहिष’ व ‘कत्तृण’ या नावांनी सुगंधी गवतांचा उल्लेख येतो. लोकभाषेतील ‘रोशा’, ‘रुसा’ ही नावे ‘रोहिष’ या शब्दाशी जोडली जातात. मात्र निघंटुकारांनी सुगंधी गवतांच्या सर्व जाती आजच्या अर्थाने वेगळ्या केलेल्या नाहीत. तसेच त्यांचा भर गवताच्या काढ्यावर व चूर्णावर आहे, ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलावर नाही.

पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रात या गवताचा प्रवेश एका सैनिकामुळे झाला. लखनौचा प्रसिद्ध फ्रेंच सेनानी क्लॉड मार्टिन टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटच्या उंच प्रदेशात असताना, गुरे एक विशिष्ट गवत अतिशय आवडीने खातात आणि त्याचा वास त्यांच्या दुधालाही येतो, असे त्याच्या लक्षात आले. त्याने बी लखनौस नेऊन पेरले व तेथून विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे कलकत्त्यास पाठविले. रॉक्सबर्ग यांनी गवताला मार्टिनचेच नाव दिले. ज्या गुराख्यांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असणार, त्यांची नोंद अर्थातच कोठे नाही.

खानदेशातील भट्ट्या

१८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या खानदेश गॅझेटियरमध्ये या उद्योगाचे वर्णन आहे. तेल काढण्याचे मूळ केंद्र पिंपळनेर होते. पुढे नंदुरबार, शहादे व तळोदे या भागांतही भट्ट्या लागत. गवत फुलावर आले की पावसाळ्याच्या अखेरीस काम सुरू होई. ओढ्याच्या काठी दगडांच्या चुलीवर मोठी कढई बसवावयाची, तीत पाणी घालून गवताच्या पेंढ्या दाबून भरावयाच्या, झाकण लिंपून हवाबंद करावयाचे आणि पोकळ बांबूच्या नळीतून वाफ बाहेर काढून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात ती थंड करावयाची, अशी रीत होती. थंड झालेल्या पाण्यावर तेल तरंगत असे. शेकडा अर्धा भागही तेल हाती लागत नसल्याने भट्टी गवताजवळ नेणेच परवडे. ओढा, जळण आणि गवत ही तिन्ही जेथे मिळतील तेथे हा धंदा हंगामापुरता जाई आणि हंगाम संपताच उठे. त्यामुळे त्याचे स्थावर अवशेष जवळजवळ नाहीत, आणि इतिहासलेखनात त्याची उपेक्षा होण्याचे हेही एक कारण असावे.

कारागीर व व्यापारी तेलाचे दोन प्रकार मानीत : ‘मोतिया’ आणि ‘सोफिया’. गॅझेटियरच्या काळातील समजूत अशी की, कोवळ्या, निळसर-पांढऱ्या फुलोऱ्याच्या गवतापासून मोतिया मिळते आणि तेच गवत पिकून तांबूस झाले की सोफिया मिळते. म्हणजे फरक वयाचा मानला गेला. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

तुर्की जिरेनियम : एका नावाची दिशाभूल

मुंबई बंदरातून हे तेल तांबड्या समुद्रावरील बंदरांत व तेथून कॉन्स्टँटिनोपलला जात असे. तुर्कस्तानात त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत. ते उन्हात ठेवून त्याचा रंग उतरविला जाई आणि मग बाल्कन प्रदेशातील गुलाबतेलात ते मिसळले जाई. कधी कधी ऊर्ध्वपातनापूर्वीच गुलाबपाकळ्यांवर शिंपडले जाई. फ्लुकिगर व हॅनबरी यांच्या ‘फार्माकोग्राफिया’ (१८७४) या ग्रंथात या व्यवहाराची चर्चा आढळते. ही भेसळ पचण्याचे कारण रासायनिक आहे. गुलाबतेलाच्या सुगंधात ज्या अल्कोहोलांचा मोठा वाटा आहे त्यांपैकी जिरॅनिऑल हे एक होय, आणि तेच रोशा तेलाचे मुख्य घटकद्रव्य आहे. शुद्ध गुलाबतेल थंडीत गोठते म्हणून ग्राहक गोठण्याची परीक्षा घेत. तर भेसळ करणारे त्यात स्पर्मासेटी हा देवमाशाचा मेणासारखा पदार्थ घालून ती परीक्षाही निभावून नेत.

युरोपच्या बाजारात हेच तेल ‘तुर्की जिरेनियम’, ‘भारतीय जिरेनियम’, ‘जिंजरग्रास’, ‘निमाडचे तेल’ अशा अनेक नावांनी वावरत होते. जिरेनियम या वनस्पतीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही १८७१ मध्ये ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनज्ञाने या भारतीय गवताच्या तेलातून एक अल्कोहोल प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेव्हा त्याला मिळालेले ‘जिरॅनिऑल’ हे नाव त्या व्यापारी गैरसमजाचीच खूण ठरले. रसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आज असणारे हे नाव खरे पाहता रोशाचे असावयास हवे होते.

ज्या तेलाने गुलाबतेलात भेसळ होई, त्याच्यातही टर्पेंटाइन, रॉकेल व भुईमुगाचे तेल मिसळले जात असे. म्हणून एकोणिसाव्या शतकातील वैद्यकीय नोंदी वाचताना सावधगिरी हवी. संधिवातावर बाहेरून चोळण्यासाठी या तेलाची शिफारस तत्कालीन ग्रंथांत आढळते, परंतु टर्पेंटाइनही त्याच कामासाठी वापरले जात होते. बाजारातील बाटलीने गुण दिला, तर तो रोशाचा की भेसळीचा, हे सांगण्याचे साधन त्या नोंदींत नाही.

ओळख निश्चित होते

१९०६ मध्ये ऑटो स्टाप्फ यांनी क्यू येथील उद्यानाच्या नियतकालिकात भारत व श्रीलंकेतील तैलगवतांची पुनर्मांडणी केली. त्यानंतर १९०९ मध्ये आय. एच. बर्किल यांनी मोतिया व सोफिया हे एकाच गवताच्या वयाच्या अवस्था नसून त्याचे दोन भिन्न प्रकार आहेत, असे मांडले. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण साधारणतः शेकडा ७५ ते ९० असते, तर सोफियाच्या तेलात ते बरेच कमी भरते. कारागिरांचे नाकाने केलेले वर्गीकरण बरोबर होते, केवळ त्याचे कारण चुकीचे सांगितले जात होते.

प्रयोगशाळेतील तेल

सुगंधी तेलांच्या जंतुनाशक शक्तीचे प्रायोगिक मापन १८८० च्या दशकात सुरू झाले. १८८७ मध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी काळपुळीच्या जंतूंवर अनेक तेलांचा परिणाम तपासला. दालचिनीचे तेल त्यात विशेष प्रभावी ठरले. पुढे प्रतिजैविकांच्या यशामुळे हा विषय मागे पडला. प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू वाढू लागल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस तो पुन्हा चर्चेत आला.

रोशा तेलाच्या बाबतीत २००३ मध्ये ‘फायटोकेमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला प्रशर व सहकाऱ्यांचा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यांच्या नमुन्यात शेकडा ६५ जिरॅनिऑल व २० जिरॅनिल ॲसिटेट होते. शेकडा ०.१ इतक्या प्रमाणात तेलाने यीस्टच्या पेशींची वाढ पूर्णपणे रोखली. पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपले आणि ही गळती प्रामुख्याने जिरॅनिऑलमुळे होते असे दिसले. पोटॅशियमचे नैसर्गिक मार्ग सीझियमने आधीच बंद केले तरी गळती कमी झाली नाही. म्हणजे तेल त्या मार्गांतून काम करीत नव्हते, पेशीपटलालाच इजा करीत होते. तेलाच्या संपर्कानंतर पटलातील मेदाम्लांचे प्रमाणही बदललेले आढळले. या अभ्यासाचे मोल केवळ निष्कर्षात नाही. तेलाची घटना आधी मोजून मग परिणाम मांडला, हे त्याचे खरे वैशिष्ट्य.

ऑक्सिडीकरणरोधक गुणांबाबत मात्र अधिक संयम हवा. मुक्त मूलके टिपण्याची शक्ती मोजण्यासाठी ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये सुचविलेली डीपीपीएच ही पद्धत सर्रास वापरली जाते. लवंगेतील युजेनॉल वा ओव्यातील थायमॉल ही फिनॉल वर्गातील द्रव्ये या परीक्षेत सहज उतरतात, कारण फिनॉलचा हायड्रोजन मूलकाला चटकन मिळतो. जिरॅनिऑल फिनॉल नाही, म्हणून त्याच मापाने त्याच्याकडून तेवढी अपेक्षा करणे योग्य नाही. ‘सुगंधी तेले’ असा सरसकट वर्ग करून सर्वांना दोन्ही गुण बहाल करणाऱ्या लेखनात हा भेद हरवतो.

बाजारातील नमुन्यावर आज प्रयोग करणाऱ्यापुढेही जुनाच प्रश्न असतो : तेल मोतियाचे की सोफियाचे, आणि त्यात आणखी काय मिसळले आहे? गॅस क्रोमॅटोग्राफीने त्याचे उत्तर पिंपळनेरच्या व्यापाऱ्यापेक्षा सोपे झाले आहे, एवढाच फरक. निश्चित घटनेचे तेल मिळावे म्हणून १९५९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘तृष्णा’, ‘पीआरसी-१’ यांसारखे निवडक वाण लागवडीसाठी तयार केले. ही संस्था लखनौस आहे, जेथे क्लॉड मार्टिनने बालाघाटहून आणलेले बी प्रथम पेरले होते.