तळटीप १४ : झेलेअण्णा

१४. झेलेअण्णा : अनंत माने दिग्दर्शित ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातले पात्र, निळू फुले (१९३०–२००९) यांची पहिली चित्रपटभूमिका. त्याआधी पुण्यातील राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते घडले आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नावारूपाला आले. पुढे पडद्यावर त्यांनी इतके बेरकी पाटील-सरपंच रंगवले, की बायका त्यांना खरोखर शिव्याशाप देत. लेखकाच्या आजीचा येथील संताप त्यातलाच. मात्र त्यांना निव्वळ खलनायक म्हणणे अन्यायाचे ठरेल. ‘सखाराम बाइंडर’च्या (१९७२) पहिल्या प्रयोगांतला सखाराम त्यांचा, आणि ‘सिंहासन’मधला हतबल पत्रकार दिगू टिपणीसही त्यांचाच.