अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली : एका गिरणगावाचा क्लब

फुटबॉलचा इतिहास बहुधा विजेत्यांचाच लिहिला जातो. मँचेस्टर, लिव्हरपूल, माद्रिद ही नावे आपल्या घरांतील मुलांनाही तोंडपाठ असतात. परंतु इंग्लंडमधील या खेळाची शिडी फार लांब आहे आणि तिच्या खालच्या पायऱ्यांवर कितीतरी लहान क्लब वर्षानुवर्षे तग धरून आहेत. त्यांच्या वाट्याला चषक क्वचितच येतात. तरीही एखादी संस्था कशाने उभी राहते, कशाने कोसळते आणि कोसळल्यानंतरही कशी जगते, हे समजून घ्यायचे असेल, तर अशा क्लबांकडेच पाहावे लागते. अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली हा त्यांपैकी एक.

अ‍ॅक्रिंग्टन हे लँकेशायर परगण्यातील गिरणगाव. कापूस हा त्याचा प्राण. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस येणे थांबले, लँकेशायरच्या गिरण्यांचे चाते थबकले आणि कामगारांच्या घरी उपासमार आली. त्याच वेळी मुंबई बंदरातून कापसाच्या गासड्या तिकडे रवाना होऊ लागल्या आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या गिरणगावाचे दुःख आणि आपल्या महानगराचे वैभव असे एकाच धाग्यात गुंतलेले आहे.

पुढे गिरण्या शनिवारी दुपारी लवकर सुटू लागल्या आणि त्या मोकळ्या वेळात फुटबॉल रुजला. 1888 साली इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांत अ‍ॅक्रिंग्टन हे नाव होते. पण 1893 मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली, तेव्हा तेथे खेळण्याऐवजी त्या क्लबने लीगच सोडली आणि 1896 मध्ये तो अस्तंगत झाला. दरम्यान 1891 च्या सुमारास स्टॅन्ली रस्त्यावरील काही खेळाडूंनी आपला वेगळा संघ उभा केला होता. जुन्या क्लबच्या पश्चात गावाचे नाव या संघाने उचलले.

1 जुलै 1916 रोजी सोमच्या रणभूमीवर, सेर या खेड्यासमोर, अ‍ॅक्रिंग्टन परिसरातील तरुणांची पलटण शत्रूच्या तोफा-बंदुकांसमोर चालून गेली. सुमारे सातशे जवानांपैकी 584 जण अर्ध्या तासाच्या आत मृत, जखमी वा बेपत्ता झाले. एकत्र वाढलेली मुले एकत्रच पडली. या आघातानंतर पाच वर्षांनी, 1921 मध्ये, स्टॅन्लीला लीगच्या तिसऱ्या श्रेणीच्या उत्तर विभागात प्रवेश मिळाला. शोकाने खचलेल्या गावाचे नाव दर शनिवारी देशभरच्या निकालपत्रात वाचले जाऊ लागले, याचे मोल केवळ खेळाच्या मापाने करता येणार नाही.

1950 च्या दशकात क्लबला बरे दिवस आले. 1955 आणि 1958 साली तो आपल्या विभागात दुसरा आला. याच उत्कर्षात ऱ्हासाची बीजे होती. 1958 मध्ये अल्डरशॉट येथील लष्करी संचलनासाठी वापरलेला एक मोठा प्रेक्षक-स्टँड क्लबने विकत घेतला. तो स्वस्त वाटला, परंतु तेथून हलवून उभारण्याचा खर्च किमतीच्या अनेक पट झाला. त्याच वर्षी लीगची पुनर्रचना होऊन उत्तर-दक्षिण विभाग मोडले व प्रवासखर्च वाढला. गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. शिवाय 1960 साली शेजारचा बर्नली क्लब देशाचा विजेता ठरला आणि दुसरा शेजारी ब्लॅकबर्न एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. दोन वटवृक्षांच्या सावलीत हे झुडूप वाढणार कसे? त्याच वर्षी स्टॅन्ली चौथ्या श्रेणीत घसरला.

मार्च 1962 मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली संचालकांनी लीगला राजीनामा पाठवला. लगेचच मदतीची आशा दिसताच तो मागे घेण्यासाठी दुसरे पत्र धाडले. लीगने ते मानले नाही. हंगाम अर्धवट राहिला आणि झालेल्या सर्व सामन्यांची नोंद पुसली गेली. रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. काही वर्षे कनिष्ठ स्पर्धांत रेंगाळून 1966 मध्ये जुना क्लब संपला.

कागदोपत्री कहाणी येथेच संपते. गावाने मात्र ती संपू दिली नाही. 1968 मध्ये क्लबची पुनर्स्थापना झाली आणि 1970 पासून क्राउन ग्राउंड या नव्या मैदानावर, अगदी तळाच्या स्पर्धेतून, खेळ पुन्हा सुरू झाला. 1989 साली दुधाच्या एका जाहिरातीत या क्लबचे नाव थट्टेचा विषय झाले. ते कोणाला ठाऊकच नसते, हाच त्यातला विनोद होता. अ‍ॅक्रिंग्टनकरांनी ती थट्टाही गोड मानून घेतली. 1999 मध्ये जॉन कोलमन प्रशिक्षक झाले आणि एकेक पायरी चढत 2006 साली क्लब लीगमध्ये परतला. त्याच हंगामात लीगमधून बाहेर पडलेल्यांत ऑक्सफर्ड युनायटेड होता! चव्वेचाळीस वर्षांनी दैवाने हिशेब असा पुरा केला.

परतल्यानंतरही कर्जाने पाठ सोडली नाही. 2009 मध्ये तीन लाख पौंडांहून अधिक करथकबाकीमुळे क्लब पुन्हा बुडण्याच्या बेतात होता. या वेळी राजीनाम्याची घाई झाली नाही. समर्थकांनी निधी उभारला, शेवटच्या घटकेला मदत आली आणि क्लब वाचला. 2018 मध्ये चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून तो तिसऱ्या श्रेणीत गेला. 2023 मध्ये पुन्हा खाली आला. अशा क्लबची वाटचाल ही अशीच असते.

आपल्याकडेही गावोगावी क्रीडामंडळे, वाचनालये, नाट्यसंस्था आहेत. त्यांनी या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. ऐपतीबाहेरचा डामडौल संस्थेला आतून पोखरतो, आणि संकटाच्या घडीला पदाधिकाऱ्यांच्या चार सह्यांवर संस्थेचे मरण ठरवू नये. आधी गावाला विचारावे. 1962 मध्ये गावाला विचारायला उशीर झाला आणि त्याची किंमत दोन पिढ्यांनी मोजली. 2009 मध्ये गावाला वेळेवर हाक गेली, आणि गाव धावून आले.