तुओनो: शर्यतीच्या नियमातून सुटलेली गाडी

१/ १९८० च्या दशकात ब्रिटन आणि जर्मनीत 'स्ट्रीटफायटर' गाड्यांचा पंथ रुजला. स्पोर्ट्‌स बाइक पडून तिचे फेअरिंग, म्हणजे वारा कापणारे बाह्यकवच, फुटले की नवे घेणे अनेकांना परवडत नसे. मग कवच काढून टाकायचे, रुंद हँडल बसवायचे आणि उघड्या इंजिनानिशी गाडी चालवायची.

२/ गरजेतून जन्मलेली ही युक्ती पुढे कारखान्यांनीही उचलली. मात्र अनेकांनी अशा गाडीसाठी इंजिन सौम्य केले. व्हेनिसजवळच्या नोआले गावातील एप्रिलियाने वेगळा मार्ग धरला.

३/ सुपरबाइक शर्यतीत बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आधारित यंत्रेच धावतात. त्यासाठी एप्रिलियाने १९९८ मध्ये ९९८ सीसीची 'आरएसव्ही मिले' आणली. २००२ मध्ये तिचेच इंजिन आणि तिचाच अॅल्युमिनियमचा सांगाडा घेऊन उघडी 'तुओनो' अवतरली. इटालियन भाषेत तुओनो म्हणजे मेघगर्जना.

४/ कर्जात बुडालेली एप्रिलिया २००४ मध्ये पियाज्योकडे गेली. शर्यतीची ईर्षा मात्र टिकली. २००९ मध्ये चार सिलिंडरांची ९९९ सीसी 'आरएसव्ही४' आली. तिच्यावर मॅक्स बियाजीने २०१० आणि २०१२ मध्ये जागतिक सुपरबाइक विजेतेपद पटकावले. २०११ मध्ये तिच्यापासून 'तुओनो व्ही४' घडली.

५/ खरी कलाटणी २०१५ ची. चार सिलिंडरांच्या सुपरबाइकला शर्यतीत १००० सीसीची मर्यादा असते. तुओनोला शर्यतीत उतरायचेच नव्हते. अभियंत्यांनी सिलिंडरचा व्यास ७८ वरून ८१ मिलिमीटर केला आणि इंजिन १०७७ सीसीचे झाले. रस्त्यावर सतत लागणारा मधल्या वेगातील जोर त्यामुळे वाढला.

६/ २०१९ मध्ये प्रवाह उलटा वाहिला. मोठ्या इंजिनाची वाट आता मूळ सुपरबाइकनेच धरली. १०७८ सीसी, २१७ अश्वशक्तीची 'आरएसव्ही४ ११०० फॅक्टरी' आली. ज्या शर्यतीसाठी हा वंश जन्मला, तिच्या मर्यादेत हे इंजिन बसत नव्हते. आईने लेकीचा धडा गिरवला होता.

७/ तुओनो हे नाव आज महाराष्ट्रातही घडते. पियाज्योच्या बारामती कारखान्यात 'आरएस ४५७' आणि तिचेच उघडे रूप 'तुओनो ४५७' तयार होतात. इंजिन लहान, शर्यतीचा वारसा दूरचा. पण रीत तीच: आधी कवचधारी गाडी, मग तिची कवच उतरवलेली बहीण.