थिओडोर रूझवेल्ट यांचे निसर्गसंवर्धन धोरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

थिओडोर रूझवेल्ट (१८५८-१९१९) हे अमेरिकेचे २६ वे राष्ट्राध्यक्ष होत. सप्टेंबर १९०१ मध्ये मॅकिन्ले यांच्या हत्येनंतर त्यांच्याकडे सत्ता आली. १९०५ मध्ये वनसेवा स्थापन होऊन तिची धुरा गिफर्ड पिंचॉट यांच्याकडे सोपविण्यात आली.

पश्चिमेकडील लोकप्रतिनिधींचा या धोरणास तीव्र विरोध होता. त्यामुळे १९०७ मध्ये सहा राज्यांत नवी राखीव वने निर्माण करण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार अमेरिकन काँग्रेसने काढून घेतला. मात्र त्या विधेयकावर स्वाक्षरी करण्यापूर्वीच रूझवेल्ट यांनी सुमारे १ कोटी ६० लाख एकर वनभूमी राखीव घोषित केली. १९०८ मध्ये ग्रँड कॅन्यनलाही त्यांनी राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला.

या कार्याची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. १९०८ मध्येच माँटानातील फ्लॅटहेड येथील सुमारे १८,००० एकर जमीन बायसनच्या रक्षणार्थ घेण्यात आली. त्यास तेथील आदिवासी जमातींची संमती नव्हती. २०२० च्या कायद्याने ती त्यांना परत मिळाली. निसर्ग वाचला, परंतु निर्णयात तेथील लोकांना स्थान नव्हते. म्हणूनच रूझवेल्ट यांच्या कार्याचे मूल्यमापन केवळ राखलेल्या एकरांवरून करता येत नाही.