राइट (इंग्रजी शब्द)

हा लेख इंग्रजी भाषेतील शब्दाविषयी आहे. विमानाच्या शोधकर्त्या बंधूंसाठी पहा: राइट बंधू.

राइट हा इंग्रजी भाषेतील एक अनेकार्थी शब्द आहे. वाक्यातील स्थानानुसार तो नाम, विशेषण, क्रियाविशेषण व क्रियापद म्हणून वापरला जातो. बरोबर, योग्य, उजवा, सरळ, न्याय्य, हक्क आणि अधिकार हे त्याचे मराठीतील प्रमुख प्रतिशब्द होत. इंग्रजीत एकाच शब्दात सामावलेले हे अर्थ मराठीत वेगवेगळ्या शब्दांनी व्यक्त होतात. त्यामुळे विशेषतः कायदा व राज्यशास्त्र या विषयांतील भाषांतरात प्रतिशब्दाची निवड महत्त्वाची ठरते.

व्युत्पत्ती

जुन्या इंग्रजीतील ‘रिह्ट’ या शब्दापासून ‘राइट’ हे रूप आले. त्याचा मूळ अर्थ ‘सरळ’ असा होता. जर्मन भाषेतील ‘रेख्ट’ आणि लॅटिनमधील ‘रेक्टस’ हे शब्द त्याच कुळातील आहेत. संस्कृतमधील ‘ऋजु’ हा शब्दही याच इंडो-युरोपीय धातूशी संबंधित आहे. प्राकृतात ‘ऋजु’चे ‘उज्जु’ झाले व त्यावरून मराठीतील ‘उजू’ (सरळ) आणि ‘उजवा’ हे शब्द आले, असे मानले जाते. या अर्थाने ‘राइट’ आणि ‘उजवा’ हे दूरचे सगोत्र शब्द ठरतात.

‘सरळ’ या अर्थावरून ‘नियमाला धरून असलेले’, त्यावरून ‘योग्य’ आणि पुढे ‘न्यायाने मिळावयास हवे ते’ असा अर्थविस्तार झाला. उजव्या हातासाठी जुन्या इंग्रजीत ‘अधिक बलवान’ या अर्थाचा निराळा शब्द होता. तो मागे पडून ‘राइट’ रूढ झाला.

प्रमुख अर्थ

* बरोबर, अचूक : उत्तर, हिशेब, पत्ता इत्यादींच्या संदर्भात. विरुद्धार्थी शब्द ‘राँग’.
* योग्य, न्याय्य : नीतीला धरून असलेले आचरण. विरुद्धार्थी शब्द येथेही ‘राँग’ हाच आहे.
* उजवा : दिशा किंवा बाजू. विरुद्धार्थी शब्द ‘लेफ्ट’.
* काटकोनी : भूमितीमध्ये ९० अंशांच्या कोनाला ‘राइट अँगल’ म्हणतात. येथे ‘सरळ, ताठ’ हा जुना अर्थ टिकून आहे.
* उजवी विचारसरणी : १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजसत्तेचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या बाजूस बसत. त्यावरून राजकारणातील ‘उजवे’ व ‘डावे’ हे शब्द आले.
* हक्क : व्यक्तीचा नैतिक अथवा कायदेशीर दावा.
* सरळ करणे, निवारण करणे : क्रियापद म्हणून. उदा. उलटलेली नाव सरळ करणे, अन्याय दूर करणे.
* अगदी, लगेच : क्रियाविशेषण म्हणून. ‘राइट ऑनरेबल’ या ब्रिटिश उपाधीत ‘राइट’चा अर्थ ‘अत्यंत’ असा आहे. मुकुंद रामराव जयकर यांना प्रिव्ही कौन्सिलचे सदस्य या नात्याने ही उपाधी लावली जात असे.

समानार्थी शब्द व अर्थच्छटा

‘करेक्ट’ हा शब्द चूक नसल्याचे दर्शवितो, तर ‘ॲक्युरेट’ मोजमापातील नेमकेपणा दर्शवितो. ‘प्रॉपर’ म्हणजे प्रसंगाला किंवा रीतीला साजेसे आणि ‘जस्ट’ म्हणजे निःपक्षपाती, न्याय्य. नैतिकदृष्ट्या योग्य कृतीला ‘राइट’ म्हणतात. तेथे ‘करेक्ट’ म्हटल्यास केवळ नियमपालनाचा अर्थ उरतो.

नाम म्हणून ‘क्लेम’, ‘एंटायटलमेंट’ व ‘प्रिव्हिलेज’ हे जवळचे शब्द आहेत. ‘क्लेम’ हा केवळ दावा असून तो सिद्ध व्हावा लागतो. ‘एंटायटलमेंट’ म्हणजे नियमांनुसार देय असलेला लाभ. ‘प्रिव्हिलेज’ म्हणजे विशिष्ट व्यक्तींना किंवा संस्थेला मिळालेला विशेषाधिकार. मात्र महाराष्ट्र विधिमंडळाच्या कामकाजात विशेषाधिकाराच्या भंगाला ‘हक्कभंग’ म्हणण्याचा प्रघात आहे.

कायदेशीर संकल्पना

अमेरिकन विधिज्ञ वेस्ली होफेल्ड (१८७९–१९१८) यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात, न्यायालये ‘राइट’ हा एकच शब्द चार भिन्न संकल्पनांसाठी वापरतात, असे दाखवून दिले. त्या संकल्पना अशा :

* दावा : यात समोरच्यावर कर्तव्य येते.
* मोकळीक : यात कृती न करण्याचे बंधन नसते.
* अधिकारशक्ती : यात दुसऱ्याचे कायदेशीर संबंध बदलता येतात.
* उन्मुक्ती : यात दुसऱ्याला आपली कायदेशीर स्थिती बदलता येत नाही.

मोकळीक व अंमलात येणारा हक्क यांतील अंतर महाडच्या चवदार तळ्याच्या इतिहासात दिसते. सी. के. बोले यांच्या ठरावानुसार १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण स्वीकारले. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. परंतु सवर्णांच्या विरोधामुळे प्रत्यक्षात पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला. त्यानंतर सुरू झालेल्या न्यायालयीन लढ्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

मराठीतील ‘हक्क’ आणि ‘अधिकार’

‘हक्क’ हा शब्द मूळ अरबी असून त्या भाषेत त्याचा ‘सत्य’ असाही अर्थ आहे. मराठेशाहीतील वतनविषयक कागदपत्रांत वतनदाराच्या ठराविक उत्पन्नासाठी तो आढळतो. लोकमान्य टिळकांच्या स्वराज्यविषयक घोषणेतील ‘जन्मसिद्ध हक्क’ या शब्दांमुळे त्याला राजकीय आशय मिळाला. ‘अधिकार’ हा संस्कृत शब्द हक्क व सत्ता या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. ‘अधिकारी’ हा शब्द त्यातील सत्तेच्या अर्थाशी जोडलेला आहे.

शासकीय मराठीत दोन्ही शब्द प्रचलित आहेत. भारतीय संविधानाच्या मराठी आवृत्तीतील तिसऱ्या भागाचे शीर्षक ‘मूलभूत हक्क’ असे आहे. हिंदीत त्यासाठी ‘मूल अधिकार’ असा शब्दप्रयोग आहे. २००९ च्या शिक्षणविषयक कायद्याच्या आणि २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा कायद्याच्या नावात ‘हक्क’ आहे, तर २००५ च्या कायद्याचे नाव ‘माहितीचा अधिकार अधिनियम’ असे आहे. जमीन महसुलात ‘अधिकार अभिलेख’ व ‘हक्कसोडपत्र’ ही दोन्ही नावे रूढ आहेत. ‘कॉपीराइट’साठीही ‘प्रताधिकार’ आणि ‘स्वामित्वहक्क’ असे दोन पर्याय वापरात आहेत.

एकाच मजकुरात नागरिकाचा दावा आणि अधिकाऱ्याची सत्ता या दोहोंचा उल्लेख असल्यास, पहिल्यासाठी ‘हक्क’ व दुसऱ्यासाठी ‘अधिकार’ असा भेद केल्याने संदिग्धता टळते. दोन्ही ठिकाणी ‘अधिकार’ वापरल्यास कोणाला मागता येते आणि कोणाला द्यावे लागते, हे वाक्यावरून लगेच स्पष्ट होत नाही.

हेही पहा

* मूलभूत हक्क
* मानवी हक्क
* प्रताधिकार
* महाड सत्याग्रह