सायक्ससाहेबाचे मासे

विल्यम हेन्री सायक्सवर माझा जुना राग आहे. आयुष्यभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाचा राग. त्याला इलाज नाही.

पेशवाई बुडून फार दिवस झाले नव्हते. मुंबई सरकारसाठी दख्खनची जमीन, पिके, पाऊस, माणसे यांची मोजदाद करता करता हा लष्करी अधिकारी पक्ष्यांच्या आणि माशांच्याही मागे लागला. त्याने लिहिलेली दख्खनच्या माशांची यादी १८३९ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने छापली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला खुद्री, शिरूरजवळच्या घोड नदीतला मसुल्ला, शिवाय कोलूस, सींगटी. नावे इथल्या मासेमारांच्या तोंडची, साहेबाच्या कानाने टिपलेली. वर्णने केली, चित्रे काढून घेतली. इतका व्यवस्थित माणूस, पण ज्यांवरून नावे दिली ते मूळ मासे आज कुठल्याच संग्रहालयात सापडत नाहीत.

नुसत्या वर्णनावर मासा ओळखणे किती अवघड, ते चिरफाडीच्या टेबलाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. खुद्री ज्यांतला, त्या महसीर माशांत एकाच नदीतल्या काहींचे ओठ जाड, मांसल असतात, काहींचे अगदी साधे. पिल्लाचा बांधा वेगळा, अंड्यावर आलेल्या मादीचा वेगळा. मग जात वेगळी की नुसता फरक? सायक्सचा मासा समोर असता, तर लावून बघता आला असता.

१९४०च्या दशकात सुंदरलाल होरांनी मसुल्ला हा महसीरच ठरवला. होरा मोठे अभ्यासक. त्यांचे म्हणणे पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेले. २०१३च्या सुमारास काहींनी सायक्सचा मजकूर नि चित्र पुन्हा नीट पाहिले, तेव्हा तो महसीर नव्हे, हिप्सेलोबार्बस प्रजातीतला निघाला.

खुद्रीची कथा याहून गुंतागुंतीची. १९७०च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णींच्या पुढाकाराने लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावाकाठी, त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. काम खरोखर नावाजण्यासारखे. धरणांमुळे खुद्री हटत चालला होता. पण इथली पिल्ले कावेरीतही सोडली गेली. महसीर तो महसीर, असाच तेव्हाचा हिशेब. कावेरीत मात्र स्वतःचा, केशरी परांचा आणि पाठीला उंचवटा असलेला महसीर होता. गळाने मासे धरणारे शौकीन त्याच्यासाठी परदेशातून येत. पुढे त्यांच्या गळाला निळ्या परांचा खुद्रीच जास्त लागू लागला.

या कावेरीच्या माशाला तेव्हा नक्की शास्त्रीय नावही नव्हते. केरळातल्या पांबार नदीतून पुढे वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच, हे २०१८ साली सिद्ध झाले. त्याच वर्षी संकटग्रस्त जातींच्या लाल यादीत त्याच्यापुढे ‘अतिसंकटग्रस्त’ असा शेरा पडला.