गोल्फगाडी आणि राजमार्ग

रस्त्यावरील वाहनांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा मोठ्या वाहनांकडेच पाहतात. आगगाडी, ट्रॅम, मोटार यांनीं मनुष्याच्या राहणींत केवढी क्रांति केली याचें वर्णन आपण पुष्कळ वेळां वाचलेलें असतें. आणि कायद्यानें त्या क्रांतीचें स्वागत किती साशंक मनानें केलें याच्या गमतीच्या गोष्टीहि आपल्या परिचयाच्या असतात. इंग्लंडांत १८६५ सालीं पार्लमेंटानें असें ठरविलें कीं, यंत्रानें चालणारी गाडी गांवांत ताशीं २ मैल व गांवाबाहेर ताशीं ४ मैल यांहून अधिक वेगानें हांकतां कामा नये, आणि तिच्यापुढें साठ यार्डांवर तांबडें निशाण घेतलेला एक मनुष्य पायीं चालला पाहिजे. हीं बंधनें शिथिल होत होत १८९६ सालीं हलक्या मोटारींपुरतीं उठलीं. त्यांच्यामागें जी भीति होती ती उघड आहे : मोठें यंत्र रस्त्यावरील माणसांना व घोड्यांना बाधक होईल. ज्या नियमांची हकीकत येथें द्यावयाची आहे त्यांत भीतीची दिशा नेमकी उलटी आहे. येथें वाहन इतकें दुबळें, कीं रस्त्यापासून त्याचेंच रक्षण कसें करावें हा नगरपालिकांपुढचा प्रश्न होऊन बसला.

हें वाहन म्हणजे गोल्फगाडी. आपल्याकडील वाचकांनीं ती विमानतळावर किंवा एखाद्या विस्तीर्ण उद्यानांत वृद्धांना घेऊन जातांना पाहिली असेल. वर छत, बाजू मोकळ्या, दोन किंवा चार बैठका, आणि चालतांना जवळजवळ आवाज नाहीं. नांवावरून कोणासहि वाटेल कीं, ही क्रीडांगणावर जन्मली व मागाहून रस्त्यावर आली. परंतु तिची जन्मकथा याहून थोडी वांकडी आहे. १९३० नंतरच्या दशकांत टेक्सार्काना येथील वॅडली नांवाच्या गृहस्थानें लॉस एंजेलिस शहरांत वृद्ध मंडळींना वाणसामानाच्या दुकानाकडे पोंचविणारी एक तीन चाकांची विजेची गाडी पाहिली, आणि तशीच एक विकत घेऊन गोल्फच्या मैदानावर चालवून पाहिली. मैदानावर ती नीट चालली नाहीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें नियंत्रण आलें, तेव्हां बॅटरीवर चालणाऱ्या लहान गाड्यांच्या कारागिरीला कांहीं काळ चालना मिळाली, आणि त्याच अनुभवाच्या भांडवलावर १९५१ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत गोल्फसाठीं गाड्या करण्याचा धंदा सुरू झाला. १९५४ सालीं जॉर्जियांत ई-झेड-गो, १९५८ सालीं टेक्सासमध्यें क्लब कार असे कारखाने निघाले. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना गोल्फचा मोठा नाद. ते गाडींतून मैदानावर फिरतांना लोकांनीं पाहिले, आणि पूर्वीं जी गाडी केवळ अपंगांची सोय समजली जात होती तिला एक प्रकारची प्रतिष्ठा आली. क्लबांनाहि भाड्याचें उत्पन्न दिसूं लागलें. म्हणजे म्हाताऱ्यांच्या बाजारहाटासाठीं रस्त्यावर फिरणारी गाडी प्रथम श्रीमंतांच्या हिरवळीवर गेली, आणि तेथून पुन्हा रस्त्यावर परत आली, असा हा प्रवास आहे.

ती परत कां आली याचें उत्तर गृहरचनेच्या इतिहासांत सांपडतें. १९६० च्या १ जानेवारीस ॲरिझोनांत डेल वेब या कंत्राटदारानें ‘सन सिटी’ नांवाची वसाहत उघडली. नोकरीधंद्यांतून निवृत्त झालेल्या लोकांसाठींच ती वसविलेली. घरें गोल्फच्या मैदानाभोंवतीं बांधलेलीं, दुकानें जवळ. अशा वसाहतींत ज्याच्या पडवींत गोल्फगाडी उभी आहे तो खेळावयास जातांना मोटार कशाला काढील? तो गाडींत बसून निघतो. आणि घर व मैदान यांमध्यें जो चाळीस पावलांचा सार्वजनिक रस्ता असतो, तेथें कायदा त्याला अडवितो. कारण अमेरिकेंत सार्वजनिक रस्त्यावर यावयाचें म्हणजे वाहनाची नोंदणी, चालकाचा परवाना, ठराविक दिवे आणि विमा हें सर्व आलें. आणि या बिचारीजवळ त्यांतलें कांहींच नव्हतें.

येथें वाचकांस असें वाटण्याचा संभव आहे कीं, गांवचा रस्ता, गांवची गाडी. नगरपालिकेनें एक ठराव केला कीं काम झालें. तसें नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नगरपालिकेचे अधिकार हा एक स्वतंत्र व बराच रुक्ष विषय आहे. परंतु त्याची एक कळ ध्यानांत घेतल्यावांचून पुढील गोष्ट उलगडत नाहीं. १८६८ सालीं आयोवा राज्याचे न्यायाधीश जॉन डिलन यांनीं असा सिद्धांत मांडला कीं, नगरपालिका ही राज्याच्या विधिमंडळाची निर्मिति असून विधिमंडळानें जेवढी सत्ता दिली तेवढीच तिच्याजवळ असते. सर्वच राज्यांनीं हा सिद्धांत सारख्या कडकपणानें पाळला नाहीं, कित्येकांनीं शहरांना स्वयंशासनाच्या सनदाहि दिल्या; तथापि वाहतुकीच्या कायद्यापुरतें पाहिलें तर राज्यांनीं लगाम आपल्याच हातीं ठेवला. यामुळें गोल्फगाडीला रस्त्यावर येऊं देण्यापूर्वीं शहराला राज्याच्या राजधानीकडे तोंड करावें लागे. राज्यानें दार किलकिलें करावयाचें आणि कोणत्या रस्त्यापुरतें तें उघडें ठेवावयाचें हें शहरानें ठरवावयाचें, अशी ही द्विदल व्यवस्था आहे.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याची भाषा या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. गोल्फगाडी म्हणजे काय, याची तेथें व्याख्या आहे : निदान तीन चाकें, रिकाम्या गाडीचें वजन १३०० पौंडांहून कमी, खेळाचें सामान व चालकासुद्धां दोनच माणसें. ज्या रस्त्यावरील वेगमर्यादा ताशीं २५ मैल किंवा त्याहून कमी आहे तेथेंच तिला सामान्यतः मुभा. आणि मैदानालगतचा किंवा मैदानाकडे जाणारा एखादा रस्ता दोन्ही प्रकारच्या वाहनांस निर्धोक आहे अशी स्थानिक संस्थेची खात्री झाली, तर तिनें ठराव करून तो रस्ता संयुक्त उपयोगासाठीं नेमून द्यावा. ध्यानांत घ्या कीं, येथें गाडी अजून खेळाशीं बांधलेली आहे. घरून मैदानाकडे व मैदानाकडून घरीं, इतकेंच तिचें विश्व. ती दोरी तुटली ती पाम डेझर्ट या वाळवंटांतल्या शहरीं. १९९२ सालीं राज्यानें या शहराला प्रयोगाची परवानगी दिली आणि १९९३ पासून तेथें गोल्फगाड्या दुकानांकडे व कचेऱ्यांकडेहि जाऊं लागल्या. खेळाचें निमित्त उरलें नाहीं. धूर न सोडणारें लहान वाहन, हेंच तिचें समर्थन झालें. पुढें कॅलिफोर्नियाच्या इतर शहरांना अशा योजना करण्याचा मार्ग कायद्यानें मोकळा झाला तो या प्रयोगानंतर.

परंतु या विषयाची खरी राजधानी कोणती असें कोणी विचारलें, तर जॉर्जियांतील पीचट्री सिटीकडे बोट दाखवावें लागेल. अटलांटाच्या दक्षिणेस सुमारें २५ मैलांवर १९५९ सालीं सनद मिळून हें नगर स्थापन झालें. आधीं नकाशा व मग गांव, अशा पद्धतीचें तें आहे. त्याच्या झाडींतून, तळ्यांच्या कांठानें, घरांच्या मागील बाजूनें वाटा काढलेल्या आहेत. या वाटा वाढत वाढत आज त्यांची लांबी १०० मैलांच्या घरांत गेली आहे. पादचारी, सायकलवाले आणि गोल्फगाड्या यांनीं त्या वांटून घ्यावयाच्या. मोटारीला तेथें मज्जाव. मोठा रस्ता आडवा आला कीं, वाट त्याच्या खालून बोगद्यानें जाते किंवा वरून पुलानें. २०२० च्या खानेसुमारींत या गांवची वस्ती ३८,००० हून थोडी अधिक भरली, आणि नोंदलेल्या गोल्फगाड्या १०,००० च्या वर आहेत. म्हणजे घरटीं एक गाडी म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. प्रत्येक गाडीची नगरपालिकेच्या दप्तरीं नोंद करून तिच्यावर क्रमांक लावावा लागतो. शिकाऊ परवाना मिळालेलीं पंधरा वर्षांचीं मुलें स्वतः गाडी हांकीत शाळेंत जातात. मॅकिंटॉश हायस्कुलाच्या आवारांत या गाड्यांची जी रांग लागते ती पाहून परक्या माणसास हें गोल्फचें मैदान कीं विद्यालय असा भ्रम पडावा! जॉर्जियाच्या कायद्यानेंहि आतां तिचें नांव बदलून ‘व्यक्तिगत दळणवळणाचें वाहन’ असें भारदस्त केलें आहे. लोक मात्र अजून गोल्फगाडीच म्हणतात, आणि ज्यांनीं आयुष्यांत एकदांहि चेंडू टोलविला नाहीं तेहि म्हणतात.

पीचट्री सिटीचें यश तिच्या नियमांत शोधणारे चुकतात असें मला वाटतें. नियम इतरत्रहि तेच आहेत. तेथें वाट आधीं झाली आणि नियम नंतर आला; बहुतेक इतर गांवांत रस्ता मोटारीसाठीं बांधून झालेला असतो आणि त्याच्या कडेला ही गाडी पाटी लावून बसविली जाते. पाटीनें वेग कमी होत नाहीं.

वेगावरूनच मग प्रश्न वॉशिंग्टनपर्यंत गेला. मध्यवर्ती सरकारच्या दृष्टीनें ताशीं २० मैलांहून अधिक न धांवणारी गोल्फगाडी ही मोटारच नव्हे. परंतु ती २० मैलांच्या पुढें गेली कीं एकाएकीं मोटार ठरे, आणि मग मोटारीला लागू असलेले सुरक्षिततेचे सारे नियम तिच्या अंगावर येऊन कोसळत. मध्यें पायरीच नव्हती. कॅनडाच्या बोंबार्डिये कंपनीनें अशा मधल्या प्रकारची एक गाडी तयार केली व नियम बदलावा म्हणून अर्ज केला. १९९८ च्या १७ जूनला ‘मंदगति वाहन’ असा नवा वर्ग प्रसिद्ध झाला : चार चाकें, वेग ताशीं २० मैलांहून अधिक पण २५ च्या आंत. दिवे, वळण दर्शविणारे दिवे, आरसे, समोरची कांच, कमरेचे पट्टे, गाडी उभी करण्याचा ब्रेक आणि ओळखक्रमांक एवढें असलें कीं पुरे. धडकेची परीक्षा मात्र तिला द्यावी लागत नाहीं. अशा गाड्यांना पुष्कळ राज्यांनीं ताशीं ३५ मैल मर्यादेच्या रस्त्यांपर्यंत मोकळीक दिली आहे. ३५ मैलांच्या रस्त्यावर २५ मैलांची, दारें नसलेली गाडी, आणि शेजारून जाणारी मोटार तिच्या तिप्पट वजनाची! हें गणित करणाऱ्यांनीं तें कागदावरच केलें असावें.

या गाडीचे दोष शोधावयास यंत्रशास्त्र फारसें नको. पुष्कळ गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, म्हणून उतारावर जोरानें दाबला तर गाडी फिरण्याची भीति. बाजू मोकळ्या असल्यामुळें झटक्यासरशी वळतांना बसलेला मनुष्य बाहेर फेंकला जातो, आणि तो मनुष्य पुष्कळदां लहान मूल असतें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत १९९० ते २००६ या सतरा वर्षांत गोल्फगाडीच्या अपघातांनीं इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या जखमींची संख्या सुमारें १,४८,००० काढली आहे. त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा सोळा वर्षांखालील मुलांचा. दुखापतीचें सर्वांत मोठें कारण म्हणजे गाडींतून पडणें किंवा उडी टाकणें. यांतले पुष्कळ प्रसंग मैदानांवर घडले. पण रस्त्यावरील अपघातांत रुग्णास इस्पितळांत ठेवून घ्यावें लागण्याचें प्रमाण अधिक आढळलें.

असें असूनहि फ्लोरिडाच्या कायद्यानें कित्येक वर्षें चौदा वर्षांच्या मुलाला नेमून दिलेल्या सार्वजनिक रस्त्यावर ही गाडी हांकूं दिली, आणि तीहि कोणत्याच परवान्यावांचून! त्या कायद्याच्या इतर कलमांत दक्षतेची उणीव नाहीं. रस्ता नेमण्यापूर्वीं तेथील वाहतुकीचा वेग, प्रमाण व स्वरूप पाहावें, पाट्या लावाव्या, गाडीला चांगले ब्रेक, भरंवशाचें स्टिअरिंग, सुस्थितींतील टायर, आरसा आणि पुढें-मागें तांबड्या खुणा असाव्या, सूर्यास्तानंतर गाडी बाहेर काढावयाची तर गांवाची तशी परवानगी आणि गाडीला दिवे व समोरची कांच हवी, इतक्या बारकाव्यानें लिहिणाऱ्या कायदेकारांनीं गाडीच्या प्रत्येक अवयवाचा विचार केला; तिच्यामागें बसणाऱ्या मुलाचा करावयास मात्र २०२३ साल उजाडावें लागलें. त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून अठरा वर्षांखालील चालकाला शिकाऊ किंवा पुरा परवाना लागतो, आणि शिकाऊ परवाना पंधरा वर्षांच्या आंत मिळत नाहीं.

त्याच दुरुस्तींतला दुसरा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. अठरा वर्षांवरील माणसाला मोटारीचा परवाना नसला तरी चालतो. सरकारी ओळखपत्र पुरे. हें औदार्य कोणासाठीं, तें सांगावयास नकोच. दृष्टि मंद झाली, हात कांपूं लागला, मुलांनीं किंवा डॉक्टरांनीं मोटारीची किल्ली काढून घेतली, अशा वृद्धाला अमेरिकेच्या पसरट उपनगरांत घराबाहेर पडणेंच अशक्य होतें. तेथें बस नाहीं, पायीं जाण्याजोगें दुकान नाहीं. गोल्फगाडी हा त्याचा शेवटचा स्वातंत्र्याचा तुकडा आहे. ज्याला मोटार हांकण्याची शक्ति उरली नाहीं त्याला ही तरी हांकतां येईल काय, हा प्रश्न कायद्यानें विचारलेला नाहीं. तो मुद्दाम विचारला नाहीं असें मी समजतों, आणि त्याबद्दल कायदेकारांना दोष देण्यास माझें मन धजत नाहीं. वेग कमी असल्यामुळें त्या वृद्धाकडून दुसऱ्याला होणारा अपाय थोडा. त्याला स्वतःला होणारा धोका तो जाणतो. मुलाच्या बाबतींत यांतलें दुसरें वाक्य लागू पडत नाहीं, आणि म्हणून दोघांना दोन नियम असणें मला युक्तच दिसतें.

फ्लोरिडांतच ‘द व्हिलेजेस’ नांवाची निवृत्तांची प्रचंड वसाहत आहे. तिच्या मधून २७ व ४४१ या क्रमांकांचा संयुक्त राजमार्ग जातो. त्यावर मोटारींचा ओघ असा कीं, कोणत्याहि ठरावानें गोल्फगाडीला त्यांत उतरवितां आलें नसतें. म्हणून तेथें राजमार्गाच्या डोक्यावरून खास गोल्फगाड्यांसाठीं पूल बांधलेला आहे. खालून मोटारी जातात, आणि वरून पांढऱ्या केसांचीं माणसें सावकाश पलीकडच्या दुकानाकडे निघालेलीं असतात.